पोनीटेल पामचे पोषण : कुंडीतून समतोल खतवापराचा अभ्यास

बंगळुरूच्या दक्षिण भागातील जयनगर ही स्वातंत्र्योत्तर भारतातील सुरुवातीच्या मोठ्या नियोजित वसाहतींपैकी एक होय. तिची पायाभरणी १९४८ मध्ये झाली. रुंद रस्ते, रांगेने लावलेली झाडे आणि घराभोवतीची लहानमोठी मोकळी जागा ही या वसाहतीची वैशिष्ट्ये आहेत. तिच्या उत्तरेस लालबाग हे वनस्पतिउद्यान आहे. हैदरअलीने १७६० मध्ये त्याचा प्रारंभ केला, टिपू सुलतानाच्या काळात तेथे परदेशी वनस्पतींची भर पडली आणि १८५६ मध्ये त्यास शासकीय वनस्पतिउद्यानाचा दर्जा मिळाला. गुस्ताव्ह क्रुम्बीगल, एच. सी. जवराय व एम. एच. मरिगौडा या उद्यानतज्ज्ञांनी विसाव्या शतकात लालबागेचा विकास केला. प्रजासत्ताक दिन व स्वातंत्र्यदिनानिमित्त भरणारी तेथील पुष्पप्रदर्शने आणि परिसरातील रोपवाटिका यांमुळे या भागात घरोघरी कुंडीतील झाडांची आवड रुजली आहे.

अशा घरांच्या गच्चीत व व्हरांड्यात शोभणाऱ्या झाडांपैकी एक म्हणजे पोनीटेल पाम. रोपवाटिकांमध्ये ते ‘नोलिना’ या नावानेही ओळखले जाते. या झाडाला खत किती, केव्हा व कोणत्या स्वरूपात द्यावे, हा प्रश्न वरवर पाहता केवळ हौशी बागकामाचा वाटतो. तथापि, त्याच्या उत्तरात वनस्पतिपोषण, मृदाशास्त्र आणि देशाचे खतधोरण या तिन्ही विषयांची मूलतत्त्वे सामावलेली आहेत. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासक्रमात हे विषय स्वतंत्रपणे येतात. एका कुंडीच्या आधारे त्यांचा परस्परसंबंध समजून घेता येतो.

वनस्पतीची ओळख

पोनीटेल पामचे शास्त्रीय नाव ब्यूकार्निया रिकर्वाटा असे आहे. नावात ‘पाम’ असला तरी नारळ, सुपारी, खजूर यांच्या ताडकुलाशी तिचा निकटचा संबंध नाही. आधुनिक वर्गीकरणानुसार तिचा समावेश शतावरीच्या कुलात, म्हणजे ॲस्परॅगेसी कुलात होतो. ती एकदलिकित वनस्पती असून तिचे मूलस्थान पूर्व मेक्सिकोतील कोरडा, खडकाळ प्रदेश हे आहे. खोडाचा तळाशी फुगलेला भाग हे तिचे ठळक वैशिष्ट्य होय. त्याच्या आकारामुळे तिला ‘हत्तीचा पाय’ असेही म्हणतात. या फुगीर भागात पाण्याचा साठा होतो आणि त्याच्या आधारे वनस्पती दीर्घकाळ कोरड्यात तग धरते. लांब, अरुंद व खाली झुकणारी पाने खोडाच्या टोकाशी झुपक्याने येतात.

मेक्सिकोमध्ये नैसर्गिक अधिवासाचा ऱ्हास व अवैध उपसा यांमुळे या प्रजातीला धोका निर्माण झाला. त्यामुळे २०१६ मध्ये जोहान्सबर्ग येथे झालेल्या परिषदेत ब्यूकार्निया प्रजाती ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात समाविष्ट करण्यात आल्या. या परिशिष्टातील प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी नसते. मात्र तो परवान्याद्वारे नियंत्रित केला जातो. भारत १९७६ पासून या कराराचा सदस्य आहे. घरोघरी दिसणारी एखादी वनस्पती तिच्या मूळ प्रदेशात संकटात असू शकते, हे या उदाहरणावरून ध्यानात येते.

खत म्हणजे अन्न नव्हे

‘झाडाला अन्न घालणे’ हा शब्दप्रयोग रूढ असला तरी शास्त्रीयदृष्ट्या तो काटेकोर नाही. हिरवी वनस्पती सूर्यप्रकाश, पाणी व कर्बवायू यांच्या साहाय्याने स्वतःचे अन्न स्वतः तयार करते. खतातून तिला मिळतात ती अन्नद्रव्ये, म्हणजे अन्ननिर्मितीसाठी व पेशींच्या रचनेसाठी लागणारी मूलद्रव्ये. अशा आवश्यक मूलद्रव्यांची संख्या १७ मानली जाते. त्यांपैकी कर्ब, हायड्रोजन व ऑक्सिजन हवा आणि पाणी यांतून मिळतात. नत्र, स्फुरद व पालाश ही मुख्य अन्नद्रव्ये. कॅल्शियम, मॅग्नेशियम व गंधक ही दुय्यम अन्नद्रव्ये. तर लोह, मंगल, जस्त, तांबे, बोरॉन, मॉलिब्डेनम, क्लोरीन व निकेल ही सूक्ष्म अन्नद्रव्ये होत.

या भेदाचा व्यवहारातील अर्थ महत्त्वाचा आहे. प्रकाश अपुरा असेल तर प्रकाशसंश्लेषण मंदावते, वाढ मंदावते आणि अन्नद्रव्यांची गरजही घटते. अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलेला पोनीटेल पाम खत घातल्याने सुधारत नाही. त्याला प्रथम उजेड हवा असतो. एकोणिसाव्या शतकात श्प्रेंगेल व लीबिग या जर्मन शास्त्रज्ञांनी मांडलेला ‘किमान घटकाचा नियम’ हेच सांगतो. ज्या घटकाचा सर्वाधिक तुटवडा असतो, त्यावर वाढीची मर्यादा ठरते. इतर घटक कितीही वाढवले तरी ती मर्यादा ओलांडता येत नाही.

पोनीटेल पामची गरज

पोनीटेल पाम संथ वाढणारी वनस्पती आहे. रोज नवी फांदी, फूल वा फळ धारण करणाऱ्या गुलाब, टोमॅटो यांसारख्या झाडांच्या तुलनेत तिची अन्नद्रव्यांची मागणी फारच कमी असते. तिच्या खतव्यवस्थापनाची सूत्रे पुढीलप्रमाणे सांगता येतील.

पहिले सूत्र माध्यमाचे. खतापूर्वी निचऱ्याचा विचार आवश्यक आहे. दोन भाग तांबडी माती, दोन भाग जाड वाळू किंवा बारीक खडी आणि एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत अथवा गांडूळखत, असे मिश्रण योग्य ठरते. बंगळुरू परिसरातील तांबडी माती ग्रॅनाइट व नाइस खडकांपासून बनलेली असून तिच्यात पाण्याचा निचरा चांगला होतो. मात्र नत्र व सेंद्रिय कर्ब कमी असतो. महाराष्ट्राच्या पठारावरील काळी माती चिकण असून पाणी धरून ठेवते. तिचा कुंडीत एकटीने वापर केल्यास मुळे व खोडाचा तळ कुजण्याची शक्यता वाढते. त्या मातीत मुरूम किंवा वाळूचे प्रमाण वाढवावे लागते.

दुसरे सूत्र काळाचे. खत वाढीच्या हंगामातच द्यावे. बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर असल्याने तेथील उन्हाळा सौम्य असतो. त्यामुळे मार्चपासून सप्टेंबरपर्यंत महिन्यातून एकदा सौम्य खत देता येते आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी या थंड काळात ते पूर्ण बंद ठेवावे लागते. विदर्भात मे महिन्यात तापमान ४० अंशांच्या पुढे जाते. त्या तीव्र उन्हाळ्यात खत थांबवून पावसाच्या आरंभी पुन्हा सुरू करणे हितावह असते. कोकणात मुसळधार पावसात उघड्यावरील कुंडीतील विद्राव्य खत वाहून जाते, म्हणून पावसाचा जोर असताना ते देण्यात अर्थ नसतो.

तिसरे सूत्र मात्रेचे. पाण्यात विरघळणारे समतोल खत पुडक्यावर सांगितलेल्या मात्रेच्या निम्मे किंवा त्याहून कमी वापरावे. सावकाश विरघळणारे दाणेदार खत वापरल्यास हंगामात एकदा किंवा दोनदा पुरते. केवळ सेंद्रिय खत द्यायचे असल्यास पावसाळ्याच्या आरंभी मूठभर गांडूळखत वरच्या मातीत मिसळणे पुरेसे होते. खत फुगीर खोडाला चिकटून न टाकता कुंडीच्या कडेने पसरावे.

चौथे सूत्र पद्धतीचे. कोरड्या मातीत खताचे द्रावण कधीही ओतू नये. आधी साधे पाणी देऊन माती ओली करावी. नुकतेच कुंडी बदललेले, मुळे दुखावलेले किंवा रोगट झाड खताविना ठेवावे. नव्या मिश्रणात कुजलेले खत असतेच. शिवाय दुखावलेल्या मुळांना क्षारांचा भार सहन होत नाही.

आकड्यांतून मात्रा

खताच्या पिशवीवरील तीन आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद व पालाश यांचे शेकडा प्रमाण दाखवतात. त्यांपैकी नत्र मूलद्रव्याच्या स्वरूपात, तर स्फुरद व पालाश ऑक्साइडच्या स्वरूपात मोजले जातात. स्फुरदाच्या ऑक्साइडला ०.४३६ ने आणि पालाशाच्या ऑक्साइडला ०.८३ ने गुणल्यास मूलद्रव्याचे प्रमाण मिळते.

१९:१९:१९ या विद्राव्य खताचे उदाहरण घेता येईल. एक लिटर पाण्यात अर्धा ग्रॅम खत विरघळल्यास त्यात ९५ मिलिग्रॅम नत्र, सुमारे ४१ मिलिग्रॅम स्फुरद आणि सुमारे ७९ मिलिग्रॅम पालाश ही मूलद्रव्ये येतात. अशा द्रावणाचे अर्धा लिटर दरमहा दिल्यास झाडाला प्रत्येक वेळी ४७.५ मिलिग्रॅम आणि सहा महिन्यांत २८५ मिलिग्रॅम नत्र मिळते.

आता याची तुलना युरियाशी करावी. युरियात ४६ टक्के नत्र असतो. केवळ ४ ग्रॅम युरिया कुंडीत टाकल्यास १,८४० मिलिग्रॅम नत्र एकाच वेळी पडतो. संपूर्ण हंगामाच्या मात्रेच्या तो सुमारे साडेसहा पट आहे. चिमूटभर वाटणारी मात्रा लहान कुंडीतील मर्यादित मातीत किती मोठी ठरते, हे यावरून स्पष्ट होते.

अतिरेकाची यंत्रणा

खताचा अतिरेक झाडाला कसा बाधतो, हे परासरणाच्या तत्त्वाने समजते. पाणी कमी संहत द्रावणाकडून अधिक संहत द्रावणाकडे जाते. मातीतील पाण्यात क्षार वाढले की मुळांना पाणी शोषणे कठीण होते. क्षार फारच वाढल्यास मुळांतील पाणीच बाहेर ओढले जाते. माती ओली असूनही झाड तहानलेले राहते. या अवस्थेला शरीरक्रियात्मक अवर्षण म्हणतात. पानांपर्यंत पोचलेले क्षार बाष्पोत्सर्जनामुळे टोकाशी साचतात आणि पानांची टोके तपकिरी होऊन वाळतात. मातीच्या पृष्ठभागावर व मातीच्या कुंडीच्या बाहेरील बाजूस पांढरा थर दिसणे हे त्याचे दुसरे लक्षण होय. कूपनलिकेचे जड पाणी वापरल्यास हा थर अधिक लवकर येतो, कारण त्या पाण्यात मुळातच विद्राव्य क्षार असतात.

येथेच नेहमीची गफलत घडते. वाळलेली टोके पाहून झाड ‘उपाशी’ असल्याचा समज होतो व आणखी खत घातले जाते. वास्तविक उपाय नेमका उलट आहे. खत थांबवावे, वरचा पांढरा थर खरवडून काढावा आणि कुंडीच्या तळातून मोकळेपणाने वाहील इतके साधे पाणी दोन-तीन वेळा सोडून साचलेले क्षार धुऊन काढावेत. त्यानंतर माती वाळू द्यावी.

लक्षणांचे अचूक वाचन त्यामुळे आवश्यक ठरते. नत्र वनस्पतीच्या अंतर्भागात सहज स्थलांतर करतो. म्हणून त्याच्या कमतरतेत जुनी पाने प्रथम एकसारखी पिवळी पडतात. लोह तसे स्थलांतर करत नाही. त्याच्या कमतरतेत कोवळ्या पानांच्या शिरांमधील भाग पिवळा पडतो. सामू अधिक असलेल्या मातीत लोह असूनही ते मुळांना उपलब्ध होत नाही. फुगीर खोड मऊ पडणे हे मात्र खताच्या नव्हे, तर अतिरिक्त पाण्यामुळे झालेल्या कुजण्याचे लक्षण असते.

कुंडीपासून शेतापर्यंत

कुंडीत दिसणारे हे तत्त्व शेतातही लागू पडते. फरक एवढाच की कुंडीतील परिणाम काही आठवड्यांत, तर शेतातील परिणाम अनेक वर्षांनी उघड होतो. भारतात नत्र, स्फुरद व पालाश यांच्या वापराचे ४:२:१ हे प्रमाण सर्वसाधारण निकष म्हणून मानले जाते. प्रत्येक पिकाला व प्रत्येक मातीला ते तंतोतंत लागू होत नसले तरी असमतोल ओळखण्यास ते उपयोगी आहे. एप्रिल २०१० पासून पोषणमूल्याधारित अनुदान योजना लागू झाली. स्फुरद व पालाशयुक्त खते तिच्या कक्षेत आली; युरिया मात्र नियंत्रित किमतीखाली राहिला. परिणामी स्फुरद व पालाशयुक्त खते तुलनेने महाग झाली आणि स्वस्त युरियाकडे कल वाढला. २००९-१० मध्ये सुमारे ४.३:२:१ असलेले प्रमाण २०१२-१३ मध्ये सुमारे ८.२:३.२:१ इतके बिघडले.

या असमतोलाची किंमत अनेक मार्गांनी मोजावी लागते. पिकाने न शोषलेल्या नत्राचा काही भाग नायट्रेटच्या रूपाने भूजलात झिरपतो. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा भारतीय मानकानुसार लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. काही भाग नायट्रस ऑक्साइडच्या रूपाने हवेत जातो. शंभर वर्षांच्या कालावधीत या वायूची तापमानवाढ घडवण्याची क्षमता कर्बवायूच्या सुमारे २७३ पट मानली जाते. जलाशयांत पोचलेल्या नत्र-स्फुरदामुळे शैवाल व पाणवनस्पती माजतात आणि पाण्यातील प्राणवायू घटतो. या प्रक्रियेस सुपोषण म्हणतात. बंगळुरूतील बेळ्ळंदूर तलावाची दुर्दशा मुख्यतः प्रक्रिया न केलेल्या सांडपाण्यामुळे झाली; तथापि, अन्नद्रव्ये अस्थानी पोचली की पोषक घटकच प्रदूषक ठरतात, हे त्या उदाहरणातूनही दिसते.

शासकीय उपाययोजनांचा आढावा घेतल्यास कुंडीतील चारही सूत्रांचे प्रतिबिंब त्यांत आढळते. फेब्रुवारी २०१५ मध्ये राजस्थानातील सुरतगड येथे सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेत १२ घटकांची तपासणी केली जाते. त्यांत नत्र, स्फुरद, पालाश व गंधक; जस्त, लोह, तांबे, मंगल व बोरॉन; तसेच सामू, विद्युत वाहकता व सेंद्रिय कर्ब यांचा समावेश आहे. आधी माती ओळखावी व मग खत ठरवावे, हा त्यामागील विचार आहे. २०१५ मध्ये देशात उत्पादित होणाऱ्या सर्व युरियावर कडुनिंबाच्या तेलाचा लेप बंधनकारक करण्यात आला. या लेपामुळे नत्राचे नायट्रेटमध्ये रूपांतर मंदावते आणि तो पिकाला अधिक काळ मिळतो. कुंडीत सावकाश विरघळणारे दाणे वापरण्यामागील तत्त्व याच स्वरूपाचे आहे. २०१८ मध्ये युरियाची पिशवी ५० किलोऐवजी ४५ किलोची करण्यात आली. पिशव्यांच्या हिशेबाने खत टाकण्याच्या सवयीतून वापर आपोआप कमी व्हावा, हा त्यामागील हेतू होता. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-प्रणाम योजनेत रासायनिक खतांचा वापर घटवणाऱ्या राज्यांना वाचलेल्या अनुदानाच्या ५० टक्के रक्कम अनुदानरूपाने देण्याची तरतूद करण्यात आली.

शहरी कंपोस्टची जोड

पोनीटेल पामला लागणारे मूठभर सेंद्रिय खत शहरातच तयार होऊ शकते. घरगुती कचऱ्यातील ओला भाग कुजवल्यास त्याचे कंपोस्ट होते. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचऱ्याचे उगमस्थानीच वर्गीकरण करण्याची जबाबदारी नागरिकांवर सोपवली. त्याच वर्षी केंद्र शासनाने शहरी कंपोस्टच्या विक्रीसाठी टनामागे १,५०० रुपये विपणन विकास साहाय्य जाहीर केले. कर्नाटकात या विचाराला जुनी परंपरा आहे. कर्नाटक कंपोस्ट विकास महामंडळाची स्थापना १९७५ मध्येच झाली होती. बंगळुरूजवळील हेसरघट्टा येथील भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने आंबवलेले कोकोपीट व उपयुक्त सूक्ष्मजीवांचे मिश्रण ‘अर्का’ या नावाने विकसित केले असून शहरी बागकामातही त्यांचा उपयोग होतो.

अर्थात सेंद्रिय खतालाही मर्यादा असते. अर्धवट कुजलेले कंपोस्ट कुंडीत उष्णता निर्माण करते आणि कुजण्याच्या क्रियेत सूक्ष्मजीव मातीतीलच नत्र वापरतात. शिवाय जास्त कंपोस्ट ओलावा धरून ठेवते. पोनीटेल पामसारख्या कोरड्या प्रदेशातील वनस्पतीला हा ओलावा घातक ठरतो. म्हणून ‘सेंद्रिय म्हणजे कितीही चालेल’ हा समज दूर होणे आवश्यक आहे.

समारोप

पोनीटेल पाम स्वतःच्या खोडात साठा करून ठेवणारी, संथ वाढणारी व थोड्यावर निभावणारी वनस्पती आहे. तिला दिलेले अधिकचे खत वाढीत उतरत नाही, तर क्षार होऊन मुळाशी साचते. खताची मात्रा देणाऱ्याच्या हौसेवरून किंवा खताच्या स्वस्ताईवरून ठरत नसून घेणाऱ्या वनस्पतीच्या शोषणक्षमतेवरून ठरते, हे तिच्या पोषणाचे सार होय. हाच निकष शेतीला लावल्यास अनुदान, माती परीक्षण, कंपोस्ट व भूजलसंरक्षण हे विषय एकाच सूत्रात बांधले जातात. योग्य अन्नद्रव्य, योग्य मात्रा, योग्य वेळ व योग्य जागा ही चतुःसूत्री गच्चीवरील कुंडीत अंगवळणी पडली, तर देशाच्या मातीचे आरोग्य हा केवळ शेतकऱ्याचा प्रश्न न राहता शहरी नागरिकालाही समजणारा व त्याच्या सहभागाने सुटणारा प्रश्न ठरेल.